मी न वाचलेली दोन पत्रे

मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात न्यू जर्सीतील आमच्या सरकारी शाळेच्या समुपदेशक बाईंनी अकरावीच्या विद्यार्थ्यांना सभागृहात बसवून सांगितले की, कॉलेजच्या अर्जासाठी ज्या शिक्षकांची शिफारसपत्रे हवी असतील त्यांना जूनमध्ये शाळा सुटण्यापूर्वी विचारून ठेवा. अर्ज नोव्हेंबरात जायचे होते, त्यामुळे एवढी घाई कशाला, असे मला वाटले. पण बाईंनी स्पष्ट केले की बरेच शिक्षक ही पत्रे उन्हाळ्याच्या सुट्टीत, स्वतःच्या वेळात लिहितात, त्याचा वेगळा मोबदला त्यांना मिळत नाही, आणि काहीजण ठरावीक संख्येपलीकडे कोणालाही होकार देत नाहीत. ज्या भौतिकशास्त्राच्या सरांकडे अर्ध्या वर्गाचा डोळा होता, त्यांची यादी दरवर्षी मेअखेरीस पूर्ण भरते, हेही त्यांनी सांगितले.

घरी आल्यावर मी आईबाबांना हे सांगितले, तेव्हा सर्वांत आधी ‘शिफारस’ या शब्दावरच आमचे अडले. आमच्याकडे या शब्दाला वशिल्याचा वास आहे. शिफारस आणायची म्हणजे वजनदार माणसाकडून चिठ्ठी आणायची, आणि ती त्या माणसाच्या वजनावर चालते, हीच समजूत माझ्या मनातही होती. बाबांच्या परिचयातील एक ज्येष्ठ संशोधक आमच्या घरी दोनदा जेवायला आले होते, म्हणून त्यांचेच पत्र घ्यावे असे बाबांनी सुचवले, आणि त्यात त्यांची मुलीविषयीची काळजीच होती. परंतु त्या गृहस्थांनी मला जेवणाच्या टेबलावर पाहिले होते, काम करताना कधीच नाही. कॉलेजांनी मागितलेली पत्रे वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांची होती. प्रवेश समितीला गुणपत्रिकेतून जे दिसत नाही, ते वर्गात रोज पाहणाऱ्या माणसाकडून ऐकायचे असते, ही गोष्ट समजावून सांगताना मलाच ती प्रथम नीट समजली.

आणि इथेच माझी अडचण होती. मला वर्गात पाहिलेले शिक्षक फारच थोडे होते. महाराष्ट्रात मराठी माध्यमातून आठवीपर्यंत शिकून मी ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत आले आणि सप्टेंबरात नववीत बसले. सहा महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या. दहावीचे बहुतेक वर्ष पडद्यासमोर गेले, आणि आपल्या इंग्रजी उच्चारांचा संकोच असल्यामुळे मी कॅमेरा व आवाज दोन्ही बंद ठेवून ते काढले. अकरावीत आम्ही पुन्हा वर्गात आलो, पण न्यू जर्सीतील शाळांमधली मास्कची राज्यव्यापी सक्ती उठली ती ७ मार्च २०२२ रोजी. म्हणजे माझा संपूर्ण चेहरा माझ्या शिक्षकांनी धड तीन महिनेही पाहिला नव्हता. दहावीच्या शिक्षकांनी मला उत्तम श्रेणी दिल्या होत्या, तरी त्यांच्या दृष्टीने मी काळ्या चौकोनातले एक नाव होते.

मी पाहत असलेल्या कॉलेजांच्या मागण्या सारख्या नव्हत्या. एमआयटीला, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील नामांकित तंत्रविद्यापीठाला, एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचे आणि दुसरे भाषा, इतिहास किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचे हवे होते. यादीतील इतर काही कॉलेजांना मुख्य विषयांच्या दोन शिक्षकांची पत्रे हवी होती, तर काहींना एकाच शिक्षकाचे पत्र पुरेसे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात शिक्षकांची पत्रे मागितलीच जात नाहीत. मी सर्वांत कडक मागणी पुढे ठेवून चालायचे ठरवले, म्हणजे एक विज्ञानाचे आणि एक मानव्यशाखेचे पत्र, आणि शक्यतो दोन्ही अकरावीच्या शिक्षकांची, कारण कॉलेजांना विद्यार्थ्याचे अलीकडचे रूप पाहायचे असते.

माझी पहिली यादी मी श्रेणींच्या उतरत्या क्रमाने केली. गणित सर्वांत वर, मग रसायनशास्त्र, इंग्रजी, इतिहास, आणि तळाशी भौतिकशास्त्र, ज्यात पहिल्या तिमाहीत मला ‘बी’ मिळाला होता. ती यादी घेऊन मी समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी यादीकडे फारसे पाहिले नाही. त्यांनी मला प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे अशा तीन घटना लिहून आणायला सांगितल्या, ज्या त्या शिक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत आणि ज्यांत मी काहीतरी केले आहे. श्रेणी लिहायच्या नाहीत आणि ‘मेहनती’, ‘हुशार’ अशी विशेषणेही नाहीत, एवढीच अट होती.

तो कागद भरायला मला तीन संध्याकाळी लागल्या. या साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत उपयोगी वेळ तोच होता असे मी आजही मानते. गणिताच्या रकान्यात मला एकही घटना लिहिता येईना. वर्षभर मी दुसऱ्या रांगेत बसले, प्रत्येक चाचणीत जवळजवळ पूर्ण गुण मिळवले, हात कधी वर केला नाही, मदत कधी मागितली नाही. सरांना माझ्याविषयी जे माहीत होते ते सगळे गुणपत्रिकेवर आधीच छापलेले होते. रसायनशास्त्राचेही तेच. इंग्रजीच्या बाईंनी माझे दोन निबंध वर्गात वाचून दाखवले होते, पण मी त्यांच्याशी त्यावर कधी बोलले नव्हते.

भौतिकशास्त्राचा रकाना मात्र आपोआप भरत गेला. ऑक्टोबरमध्ये आमच्या गटाने साध्या लंबकावरून गुरुत्व त्वरण काढण्याचा प्रयोग केला होता आणि आमचे उत्तर ९.८ च्या ऐवजी ९.२ च्या आसपास आले होते. गटाने ‘मानवी चूक’ असे लिहून अहवाल देऊन टाकला. मला ते पटले नाही, कारण हातून झालेल्या चुकीने उत्तर कधी जास्त, कधी कमी यायला हवे होते, आणि आमचे प्रत्येक वेळी कमीच येत होते. मी पुढचे दोन आठवडे मंगळवार-गुरुवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबले. दोरीची लांबी पुन्हा मोजली, घड्याळ बदलले, दहाऐवजी तीस आंदोलनांचा वेळ घेतला, तरी उत्तर हलेना. शेवटी लक्षात आले की लंबक सोडण्याचा कोन आम्ही जवळजवळ ४० अंश ठेवत होतो, आणि पुस्तकातले सूत्र लहान कोनांपुरतेच खरे असते. मग मी १०, २०, ३० आणि ४० अंशांवर वाचने घेऊन आलेख काढला, आणि कोन वाढेल तसा आंदोलनकाल किंचित वाढताना कागदावर दिसला. सर त्या वेळी कोपऱ्यातल्या टेबलावर वह्या तपासत बसलेले असत. त्यांनी मला उत्तर सांगितले नाही. एकदा फक्त “तू आतापर्यंत काय काय बदलून पाहिलेस आणि काय बदलायचे राहिले?” असे विचारले होते. अहवालाची श्रेणी आधीच लागून गेली होती आणि ती बदलली नाही. माझ्या ‘बी’च्या तिमाहीत हे सगळे घडले होते.

इतिहासाचा रकानाही रिकामा राहिला नाही. अमेरिकेच्या इतिहासाच्या तासाला मी फेब्रुवारीपर्यंत तोंड उघडले नव्हते. वसंतातल्या दीर्घ निबंधासाठी मी १९६५ चा स्थलांतर कायदा निवडला, ज्याने राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडली. भारतीय लोक इथे आले ते या कायद्यामुळे, एवढेच मी पंधरा परिच्छेदांत फिरवून फिरवून लिहिले होते. बाईंनी समासात एकच प्रश्न लिहिला: कायदा सर्वांसाठी होता, तर सुरुवातीला डॉक्टर आणि इंजिनिअरच एवढ्या संख्येने का आले? त्या प्रश्नाने माझा निबंध मोडून पडला. कायद्यातील व्यावसायिक कौशल्याला आणि कौटुंबिक नात्याला दिलेला प्राधान्यक्रम मी वाचला, आमच्या ओळखीतील दोन वयस्कर जोडप्यांकडे जाऊन ते कोणत्या वर्गातून आले हे विचारले आणि निबंध नव्याने लिहिला. एप्रिलमध्ये वर्गात या विषयावर चर्चा झाली, तेव्हा मी प्रथमच उभी राहून बोलले आणि एका वर्गमित्राच्या विधानाला विरोध केला. माझा आवाज थरथरत होता, हे बाईंनी पाहिले असणार.

कागद पूर्ण झाल्यावर निवड स्पष्ट दिसत होती, तरी मला दोन गोष्टींनी अडवले.

पहिली म्हणजे नववीत मला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई, ज्या नव्याने देशात आलेल्या मुलांचा वेगळा वर्ग घेत. मी पहिल्या आठवड्यात स्वच्छतागृहात जाऊन रडत असे, तेव्हा त्या दारापाशी काही न बोलता उभ्या राहत. शाळा बंद झाल्यानंतरही दर शुक्रवारी त्यांनी माझ्याकडून एक पान लिहून घेतले. सगळ्या शाळेत माझ्यावर माया असलेले माणूस कोण, असे विचारले तर मी त्यांचेच नाव घेतले असते, आणि त्यांना न विचारणे मला कृतघ्नपणाचे वाटत होते. परंतु त्यांनी पाहिलेली मुलगी चौदा वर्षांची होती आणि तिला वाक्य जुळवता येत नव्हते. मी अखेर त्यांनाच जाऊन हे सांगितले. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “माझे पत्र तुझ्या सुरुवातीबद्दल असेल, आणि तुला तुझ्या आताच्या कामाबद्दल बोलणारे लोक हवे आहेत. मला जे सांगायचे आहे ते मी समुपदेशक बाईंना लिहून देते.” हा मार्ग मला सुचलाच नव्हता. शाळेच्या समुपदेशकांनाही प्रत्येक मुलाबद्दल एक पत्र लिहावे लागते. त्यांच्या अमेरिकन संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका समुपदेशकाकडे २५० पेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत, पण २५० सुद्धा एका माणसाने ओळखायला पुष्कळ आहेत, त्यामुळे अशा टिपणांचा त्यांना खरोखर आधार होतो.

दुसरी अडचण गणिताची होती. इंजिनिअरिंगला जायचे आणि गणिताच्या शिक्षकाचे पत्र नाही, हे कॉलेजांना विचित्र वाटेल अशी मला धास्ती होती. म्हणून रकाना रिकामा असतानाही मी गणिताच्या सरांना विचारायला गेले. समुपदेशक बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी शब्द निवडून ठेवले होते: “माझ्याबद्दल ठामपणे लिहिता येईल इतके तुम्ही मला ओळखता, असे तुम्हाला वाटते का?” नुसते “पत्र द्याल का?” असे विचारले की भिडेपोटी होकार मिळतो, आणि भिडेपोटी लिहिलेले पत्र कोमट उतरते. अशा प्रश्नाने शिक्षकांना सन्मानाने नाही म्हणायची वाट राहते. सरांनी ती वाट घेतली. ते म्हणाले, “मी चांगले पत्र लिहीन. पण त्यात तुझे गुणच असतील, कारण तू मला दुसरे काही दाखवले नाहीस. तुझ्या जागी मी दुसऱ्या कोणाला तरी विचारले असते.” वर्गाबाहेर पडेपर्यंत माझे कान गरम झाले होते. दोन-चार दिवस मला त्या उत्तराचा राग होता. आता मला वाटते की त्या वर्षी माझ्याशी इतक्या सरळपणाने फार थोडे लोक बोलले.

भौतिकशास्त्राच्या सरांनी दुसऱ्या दिवशी लगेच होकार दिला आणि विचारले, “लंबकाची ती वही अजून आहे ना?” इतिहासाच्या बाईंनी एक दिवस विचार करायला घेतला आणि मग हो म्हटले. दोघांनीही माझ्याकडून माहितीचे एक पान मागितले. मी रात्रभर बसून स्पर्धा, क्लब, स्वयंसेवेचे तास, वाद्यवादनाच्या परीक्षा असे सगळे त्यात कोंबले. बाईंनी ते पान परत केले. हे सर्व अर्जात येणारच आहे, मग ते मी पुन्हा कशाला लिहू, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना माझ्याकडून हवे होते ते असे: माझ्या वर्गात तुझे मत कधी बदलले, कोणत्या दिवशी तू गोंधळलीस, पुढे काय शिकायचे आहे आणि का. मी दुसरे पान लिहिले, त्याला निबंधाची दोन्ही रूपे जोडली, आणि सरांना वहीतल्या आलेखाची प्रत दिली. सोबत प्रत्येक कॉलेजच्या मुदतीच्या तारखा आणि एमआयटीचा अर्ज कॉमन ॲप्लिकेशनमधून (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज पाठवण्याच्या ऑनलाइन सोयीतून) न जाता त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून जातो, त्यामुळे पत्र दोन ठिकाणी चढवावे लागेल, ही सूचना लिहून दिली. आपण ज्यांच्याकडून उपकार घेतो त्यांना तारखा शोधत बसायला लावू नये, एवढे तरी आपल्या हातात असते.

१ ऑगस्टला कॉमन ॲप्लिकेशनचे नवे वर्ष सुरू झाले. शिक्षकांची नावे घालण्यापूर्वी तिथे एक प्रश्न येतो: ही पत्रे पुढे पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? हा हक्क विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयीच्या १९७४ च्या केंद्रीय कायद्यातून येतो. ज्या कॉलेजात आपण प्रत्यक्ष दाखल होतो, तिथे ते पत्र जपून ठेवलेले असेल तर ते पाहण्याचा अधिकार आपल्याला असतो, पण आधीच तो सोडला तर ती पत्रे पाहता येत नाहीत. बाबांना हे पटेना. स्वतःबद्दल लिहिलेले न वाचताच सही का करायची, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. समुपदेशक बाईंचे उत्तर असे होते की विद्यार्थी हे वाचणार नाही याची खात्री असली की शिक्षक मोकळेपणाने लिहितात आणि वाचणारेही त्यावर अधिक विश्वास ठेवतात. मला या युक्तिवादापेक्षा एक साधी गोष्ट पटली. ज्यांचे पत्र वाचल्याशिवाय मला चैन पडणार नाही, अशा माणसांना मी मुळात विचारलेच नव्हते. मी हक्क सोडला.

शिक्षकांना पत्रासोबत एक तक्ताही भरता येतो, हे मला तेव्हाच कळले. बौद्धिक क्षमता, लेखन, वर्गचर्चेतील सहभाग, सचोटी, अपयशाला दिलेला प्रतिसाद, इतरांबद्दलची आस्था अशा अनेक बाबींवर विद्यार्थ्याला त्याच्या वर्गाच्या तुलनेत कुठे ठेवाल, असे त्यात विचारतात. सरासरीपेक्षा कमी इथून सुरू होऊन वरच्या दहा टक्क्यांत, वरच्या पाच टक्क्यांत, आणि सर्वांत शेवटी ‘माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक’ इथपर्यंत पायऱ्या असतात. ‘सांगण्यास आधार नाही’ असाही एक रकाना असतो. गणिताच्या सरांना माझ्याबद्दल तो रकाना किती वेळा वापरावा लागला असता, हे मनाशी मोजल्यावर त्यांच्याबद्दलचा उरलासुरला राग गेला.

ऑक्टोबर मात्र कठीण गेला. सरांचे पत्र सप्टेंबरातच पोहोचले होते, पण बाईंचे २० ऑक्टोबरपर्यंत गेले नव्हते आणि एमआयटीची पहिली मुदत १ नोव्हेंबर होती. आठवण करून द्यावी तर उद्धटपणा वाटेल, न द्यावी तर झोप लागत नव्हती. आपल्याकडे शिक्षकांना तारीख आठवून देण्याची सवय नसते, आणि माझी जीभ त्यामुळेच अडखळत होती. शेवटी मी दोन ओळींचे पत्र पाठवले, त्यात मुदत लिहिली आणि आणखी काही माहिती हवी आहे का, एवढेच विचारले. बाईंचे उत्तर तासाभरात आले: पत्र अर्धे झाले आहे, घाईने संपवायचे नाही म्हणून ठेवले आहे. शिक्षकांची कागदपत्रे मुदतीनंतर थोडे दिवस उशिरा आली तरी बरीच कॉलेजे विद्यार्थ्याला दोष देत नाहीत, हे समुपदेशक बाईंनी सांगितल्यावर मी शांत झाले.

डिसेंबरमध्ये एमआयटीने माझा अर्ज पुढच्या फेरीत ढकलला आणि मार्चमध्ये नकार दिला. इतर तीन कॉलेजांनी प्रवेश दिला, त्यांपैकी एकात मी आज शिकते. निकालाचे प्रत्येक पत्र आल्यावर मी दोघांनाही जाऊन सांगितले, नकाराचे सुद्धा. ते ऐकून सर काही वेळ गप्प राहिले, मग त्यांनी पुढच्या अकरावीला लंबकाच्या प्रयोगात दाखवण्यासाठी माझा आलेख मागून घेतला. नववीच्या बाईंकडे मी आईने केलेली करंजी घेऊन गेले होते.

अर्जाच्या पानावर पत्र कधी मिळाले त्याची तारीख दिसते. सरांचे पत्र २६ सप्टेंबरला पोहोचले आणि बाईंचे ३० ऑक्टोबरला. त्या दोन तारखांपलीकडे त्या पत्रांतले मला काहीही माहीत नाही.